छतावरची डिश आणि बर्फावरची हॉकी

अमेरिकेत कॉलेजांची आइस हॉकी ऑक्टोबर ते एप्रिल रंगते. 1948 साली राष्ट्रीय विजेतेपद सुरू झालं, तेव्हा मिशिगन विद्यापीठ पहिलं विजेतं ठरलं. मिनेसोटासारख्या राज्यात हे सामने घरी पाहण्यासाठी अनेकजण डिश बसवतात. ती कशी लावायची, ते ऐकूया.

प्रसारणाचे उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. म्हणून मिनेसोटात डिशचं तोंड दक्षिणेकडे हवं आणि समोर झाड नको. पानगळीत मोकळी दिसणारी जागा उन्हाळ्यात पानांनी झाकली जाते, हे ध्यानात ठेवा.

खांब आधी ओळंब्यात घ्या. तो कलला, तर पुढची सगळी मापं चुकतात. मिनियापोलिसहून नेमक्या दक्षिणेचा उपग्रह क्षितिजापासून साधारण 38 अंशांवर दिसतो. पण घरगुती डिश बहुधा ऑफसेट प्रकारची असते. ती जवळजवळ उभी दिसते, तरी वरच पाहत असते. त्यामुळे डोळ्यांवर न विसंबता डिशमागच्या पट्टीवरचे अंश वाचा.

आता डिश डावी-उजवीकडे अगदी थोडी फिरवा आणि काही सेकंद थांबा. रिसीव्हरला सिग्नल पकडायला तेवढा वेळ लागतो. घाईत फिरवलं, तर उपग्रह हातचा निसटतो. सिग्नल सर्वांत जास्त येईल तिथे बोल्ट आवळा.

केबलला अर्थिंग करा. ओला बर्फ साचून चित्र तुटलं, तर मऊ ब्रशने हलकेच झाडा. निसरड्या छतावर मात्र चढू नका. म्हणूनच डिश जमिनीवरून हात पोहोचेल अशी लावणं उत्तम.