टॅब मिटला, सर्व्हर चालूच

(जळगाव येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज एक चूक सांगते. ती माझीच आहे.

आमच्या केंद्रातल्या तक्रारी पूर्वी वहीत लिहीत असू. संगणक शिकलेल्या एका कार्यकर्तीनं ज्युपिटर नोटबुकात पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो लॅपटॉपवर सुरू केला की ब्राउझरमध्ये पान उघडे : बाईचं नाव, गाव, तक्रार कुणाविरुद्ध, पुढची तारीख. मला मोबाइलवरही दिसावं म्हणून सर्व्हर वाय-फायवर खुला ठेवायला मीच सांगितलं.

संध्याकाळी टॅब मिटला आणि घरी गेलो. लॅपटॉप चालूच राहिला. सकाळी कुलूप काढण्याआधी जिन्यात सहज मोबाइल पाहिला, तर सगळी यादी समोर! आणि ते वाय-फाय खालची दुकानंही वापरतात.

टॅब म्हणजे नळ, सर्व्हर म्हणजे विहिरीवरची मोटर. नळ बंद केला म्हणून मोटर थांबत नाही.

याच जळगावात १९९४ साली छायाचित्रांच्या धाकावर मुलींचं शोषण झाल्याचं उघडकीला आलं. बदनामीच्या भीतीनं कितीतरी मुली तक्रारीला पुढे आल्या नाहीत. आमच्या यादीतलं एक नाव फुटलं असतं, तर उद्या कोण आलं असतं आपल्याकडे?

म्हणून आता काम संपलं की आम्ही असं करतो. नोटबुकातलं चौकोनी 'थांबवा' बटण दाबतो. सर्व्हर पार्श्वभूमीला चालत असेल तर तेवढ्यानं थांबत नाही. मग कर्नल बंद करतो. स्वतंत्र प्रक्रिया म्हणून सुरू केला असेल तर कर्नल बंद करूनही तो उरतो. तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये ती पायथॉनची प्रक्रिया शोधून संपवतो. नव्यानं सुरू करताना 'पोर्ट वापरात आहे' असा संदेश आला, तर जुना सर्व्हर अजून जिवंत असण्याची शक्यता धरतो. शेवटी मोबाइलवर पान पुन्हा उघडून पाहतो. ते उघडता कामा नये.

दोन गोष्टी आणखी. सर्व्हरचा पत्ता आता १२७.०.०.१ एवढाच, म्हणजे पान त्याच लॅपटॉपवर दिसतं. आणि नोटबुक जतन करताना खाली उमटलेले तक्ते पुसतो; सर्व्हर थांबला तरी ते फाइलमध्ये राहतात.

हे काम 'संगणकवाल्या मुलीचं' म्हणून सोडू नका. बाई नाव सांगते ती आपल्या भरवशावर. वहीच्या कपाटाला कुलूप आपणच लावत होतो ना?