सही करण्याआधी
(आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात आपण सीमाप्रश्नावर बोलतो. महाराष्ट्र सरकारने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याच्याकडे आपल्या तीन पिढ्या डोळे लावून बसल्या आहेत. त्यावर बोलणारे अधिकारी वक्ते आज इथे आहेतच. आम्हाला मात्र आज एका वेगळ्या जागेबद्दल बोलायचे आहे. ती जागा म्हणजे दवाखान्याचे काउंटर. तिथे आपल्यापैकी प्रत्येकजण कधी ना कधी उभा राहिलेला आहे आणि बहुतेकजण तिथे गप्प बसलेले आहेत. आम्हीही बसलो होतो.

घरचीच गोष्ट सांगतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या आण्णांना जिना चढताना छातीत दुखायला लागले. वय पंचाहत्तर. ओळखीच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून घ्या म्हणून सांगितले. तारीख घेऊन, स्वतःच्या पायाने चालत आण्णा शहरातल्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात दाखल झाले. आम्ही दोघे भाऊ आणि थोरल्या वहिनी बाहेर बाकावर बसलो होतो. अर्ध्या तासाने एक कर्मचारी हातात फाइल घेऊन आला. दोन ठिकाणी अडथळा आहे, लगेच स्टेंट घालायचे आहेत, इथे सही करा, असे त्याने सांगितले. कागद इंग्रजी आणि कानडीत होता. 'इल्ली सही माडी' म्हणून त्याने बोट ठेवले. सही हा शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळे तेवढे आम्हाला चटकन कळले. बाकीचे वाचायला वेळ नव्हता. थोरल्या भावाने सही केली.

अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली. डॉक्टर हुशार होते, हात चांगला होता, हे आधी सांगितले पाहिजे. आण्णा आज सकाळी टिळकवाडीत दोन किलोमीटर फिरून येतात. पण घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, "मला का नाही रे विचारलं कुणी? मी तर जागाच होतो की."

खरे होते ते. या तपासणीत मनगटातून किंवा मांडीतून नळी घालतात, पूर्ण भूल देत नाहीत. आण्णा शुद्धीवर होते. आतली मंडळी आपसांत कानडी आणि इंग्रजीत बोलत होती. आण्णांनी चाळीस वर्षे बाजारात कानडीत व्यवहार केला, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांची कानडी त्यांना कुठून येणार? त्यांच्या शरीरात काय घालायचे हे दाराबाहेर ठरले आणि ज्यांनी ठरवले त्यांनाही ते धड कळलेले नव्हते.

मंडळी, याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. २००८ सालचा, समीरा कोहली खटल्यातला. एक महिला तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले. न्यायालयाने सांगितले की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराची संमती होत नाही. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागले तर गोष्ट वेगळी. एरवी आजार काय, उपाय काय, दुसरा पर्याय कोणता, धोका किती, हे रुग्णाला कळेल असे सांगूनच संमती घेतली पाहिजे. रुग्ण जाणता आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याची, नातेवाइकांची नव्हे. आणि 'कळेल असे' म्हटले की त्यात भाषा आलीच. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावरची सही म्हणजे नुसती शाई.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. हृदयविकाराचा झटका आलेला असेल, अपघात असेल, तर एकेक मिनिट मोलाचे असते. तेव्हा कागदावरून वाद घालत बसू नका, डॉक्टरांना काम करू द्या. आम्ही बोलतो आहोत ते ठरवून, तारीख घेऊन केलेल्या उपचारांबद्दल. तिथे दहा मिनिटे थांबायला कुणाचीच हरकत असण्याचे कारण नाही.

आता बिलाकडे येतो. सुटीचा दिवस उजाडला. सकाळी अकराला डॉक्टरांनी घरी जा म्हणून सांगितले आणि आम्ही बाहेर पडलो रात्री आठ वाजता. विमा कंपनीकडून मंजुरी आली नाही, एवढेच उत्तर मिळत होते. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये नियम केला आहे, की सुटीच्या वेळची अंतिम मंजुरी दवाखान्याची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत दिली पाहिजे. उशिरामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. हे आम्हाला त्या दिवशी माहीत नव्हते.

बिल हातात आले ते एका पानाचे. स्टेंटची किंमत वेगळी दाखवलेली नव्हती, सगळे एका ओळीत कोंबलेले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची मर्यादा २९,६०० रुपये होती, ती पुढे वेळोवेळी बदलत गेली. त्याच आदेशात असेही आहे, की दवाखान्याने बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक स्वतंत्र लिहिला पाहिजे. वहिनींनी हिशेबाची नोकरी केलेली. त्यांनी सविस्तर बिल आणि सगळे वैद्यकीय कागद लेखी मागितले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. तिसऱ्या दिवशी ती मिळाली. बघितले तर रक्ताची एक तपासणी दोनदा लावलेली आणि न वापरता परत केलेल्या औषधांचे पैसे वजाच केलेले नाहीत. एकूण ९,८४० रुपये. दाखवून दिल्यावर दवाखान्याने चूक मान्य केली आणि पैसे परत केले. कुणी भांडले नाही, कुणी आवाज चढवला नाही.

पण हे कशामुळे जमले? वहिनींना इंग्रजी वाचता येते, हिशेब कळतो आणि त्यांच्याकडे तीन दिवस होते. आण्णांच्या शेजारच्या खाटेवर कणकुंबीकडचा एक शेतकरी होता. बायको सोबत, दुसरे कोणी नाही. त्यांच्याकडे सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड होते. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही योजना २०१८ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार त्यात बसतात, पण बऱ्याच उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. काउंटरवर त्यांना 'रेफरल आणा' एवढेच सांगितले होते. त्या माउलीला वाटले, कार्ड चालत नाही म्हणतात. तिने गळ्यातली बोरमाळ गहाण टाकून अनामत भरली.

हे लक्षात आले ते एका नर्समुळे. मुलगी गोकाककडची, घरची भाषा कानडी. रात्रपाळीत तिने मोडक्यातोडक्या मराठीत त्या बाईंना सगळे समजावले, कागदावर लिहून दिले, सकाळी सरकारी दवाखान्यात कुठल्या खोलीत जायचे तेही सांगितले. चिठ्ठी आली, पुढचा उपचार योजनेत झाला. आधी भरलेले पैसे परत मागायला मात्र त्या दोघांच्या अंगात बळ उरले नव्हते. आणि आम्ही, खाटेला खाट लावून राहिलेले मराठी लोक, आमच्याच बिलात बुडालेलो होतो. त्या मुलीने केले ते आम्ही करायला हवे होते. ही खंत आज तुमच्यासमोर बोलून दाखवतो.

म्हणून सांगतो, हे भांडण कानडी नर्सशी नाही, कानडी डॉक्टरांशीही नाही. आपले म्हणणे व्यवस्थेशी आहे. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथला रुग्ण बेळगावातच येतो. खानापूरचा येतो, निपाणीचाही येतो. हे रुग्ण यावेत म्हणून दवाखाने मराठी वृत्तपत्रांत मराठीत जाहिराती देतात, शिबिरांचे फलक मराठीत लावतात. बोलावणे मराठीत आणि सही घ्यायची वेळ आली की मराठी नाही, हे कसे चालेल?

सरकारांचेही तेच. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना लागू करायचे ठरवले. कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला आणि २०२४ मध्ये बेळगाव जिल्ह्यात अर्ज भरून घेणारी केंद्रे प्रशासनाने बंद पाडली. आपण त्याचा निषेध केला, तो योग्यच होता. पण आपणही स्वतःला विचारले पाहिजे. जी योजना इथे हक्काने मिळते, तिची चिठ्ठी कुठे मिळते हे आपण किती घरांत जाऊन सांगितले? एक नोव्हेंबरला काळा दिन पाळताना आपण हजारोंनी रस्त्यावर येतो. दवाखान्याच्या काउंटरवर आपला माणूस एकटा असतो.

कायदा आपल्या बाजूला आहे, तो वापरायला शिकले पाहिजे. कर्नाटक खासगी वैद्यकीय संस्था कायदा २००७ चा, २०१७ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्या वेळी इथेच बेळगावात अधिवेशन चालू असताना डॉक्टरांनी आंदोलन केले होते, ते आपल्याला आठवत असेल. त्या कायद्याप्रमाणे दवाखान्याने दर जाहीर केले पाहिजेत. तातडीच्या रुग्णाकडून आधी पैसे मागून उपचार अडवता येत नाहीत. रुग्ण दगावला तर बिलासाठी पार्थिव अडवून ठेवता येत नाही. तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे.

आता कुणी म्हणेल, तक्रार कानडीत लिहून कोण देणार? घटनेचे कलम ३५० वाचा. केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगावात मराठी वापरात नाही असे कोण म्हणेल? तक्रार मराठीत द्या, पोच घ्या. शिवाय १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, म्हणजे ग्राहक आयोगाचाही रस्ता मोकळा आहे.

घरी गेल्यावर चार गोष्टी एका कागदावर लिहा आणि तो रेशनकार्डासोबत ठेवा. एक, सही करण्याआधी 'मराठीत सांगा' म्हणा आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्यालाच सांगायला लावा. दोन, ठरवून करायच्या उपचाराचा अंदाजे खर्च आधी लेखी मागा. तीन, योजनेचे कार्ड दाखल होतानाच दाखवा आणि कोणती चिठ्ठी लागते ते लिहून घ्या. चार, सविस्तर बिल, प्रत्येक पावती आणि रुग्णाचे कागद घेतल्याशिवाय प्रकरण मिटवू नका. बोलताना सौम्य बोला. डॉक्टरवर हात उगारणारा माणूस आपल्या सगळ्यांचे म्हणणे मातीत घालतो.

मंडळाने काय करायचे तेही आम्ही सुचवतो. शहरातल्या मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांना भेटून नेहमीच्या दहा-बारा शस्त्रक्रियांची माहिती सोप्या मराठीत एकेका पानावर लिहून घ्यावी आणि ती पाने सगळ्या दवाखान्यांना द्यावीत. संमतीपत्र मराठीतही ठेवा, असे निवेदन द्यावे. आणि निवृत्त शिक्षक, बँकेतली, कचेरीतली मंडळी आहेत, ज्यांना कानडी आणि इंग्रजी दोन्ही येते, त्यांनी आठवड्यातला एक दिवस द्यावा. कुणी बोलावले तर दवाखान्यात जाऊन नुसते शेजारी उभे राहायचे आणि कागद वाचून सांगायचा. आमच्या वहिनींनी मंगळवार दिला आहे. आण्णा म्हणाले, मला इंग्रजी येत नाही, पण मी दाराशी बसून आलेल्यांना चहा तरी विचारीन.

नावे लिहायची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. तिथली सही मराठीतल्या मजकुराखाली आहे, वाचून मगच करा.

जय महाराष्ट्र.