अंक तोच, अर्थ दोन



ऊसतोडीला जाऊन आलेल्या इथल्या माणसाला वजनकाट्याच्या पावतीवरचे ७.३० कोणी समजावून सांगावे लागत नाही. ते सात टन तीनशे किलो. पण हेच ७.३० कारखान्याच्या हजेरीपटावर लिहिले, की त्याचा अर्थ साडेसात तास. बिंदू तोच, काट्यावर तो दहाच्या हिशेबाचा, हजेरीवर साठाच्या. माणसाला हे कळते. यंत्राला सांगितल्याशिवाय कळत नाही.

पर्ल ही संगणकाची एक भाषा. लॅरी वॉल या अमेरिकन गृहस्थांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. मजकूर चाळून तक्ते काढायला ती फार सोयीची. तिला ७.३० दिले तर ती सात पूर्णांक तीन दशांश समजते, म्हणजे सात तास अठरा मिनिटे. बारा मिनिटे गेली! सव्वीस दिवसांत पाच तास बारा मिनिटे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवून दिली. तेव्हा बुडालेली मिनिटे जादा कामाची असतील, तर नुकसानही दुप्पट. आणि यात कोणाची लबाडी असावीच लागत नाही. आम्हा युनियनवाल्यांची तेथे मोठी पंचाईत होते, घोषणा कोणाविरुद्ध द्यायची?

उपाय मात्र साधा आहे. वेळ सेकंदांत साठवावी, बेरीजही सेकंदांतच करावी, आणि छापताना तेवढे तास-मिनिटे पाडावीत. ३,६०० ने भागले की तास, बाकीला ६० ने भागले की मिनिटे. मिनिटे दोन अंकी छापावीत. नाहीतर सात तास पाच मिनिटे ७:५ अशी उमटतात आणि वाचणारा पन्नास समजतो. पर्लमधील 'एसप्रिंटएफ' ही आज्ञा पुढचे शून्य घालून देते.

याहून खोल खड्डा दुसराच. काही जण कामाचे तास छापायला घड्याळाची वेळ छापणारी आज्ञा वापरतात. घड्याळ चोवीस तासांनी पुन्हा शून्यावर येते. महिन्याचे जादा काम सव्वीस तास भरले, तर कागदावर उमटते ०२:००. चोवीस तास राबला तो कोण, याचा पत्ताच नाही.

रकमेचेही तसेच. नेहमीची युक्ती दर तीन अंकांनी स्वल्पविराम देते: १,२५०,०००. आपले डोळे १२,५०,००० ला सरावलेले. टोळीची उचल मुकादमासमोर वाचताना माणूस येथेच अडखळतो. शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोन पाडायला लिहिणाऱ्याला एखादी ओळ बदलावी लागते, एवढेच.

यापुढे पगाराच्या चिठ्ठीवर ७.३० दिसले, तर खिडकीवर विचारा: हे साडेसात, की सात पूर्णांक तीन? आणि उत्तर लेखी मागा.