अपिलातला वकील



आम्ही सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले. या विषयावर खरं तर वकीलसाहेबांनी बोलावं. पण आमच्या गल्लीतल्या एका मुलाचं अपील हायकोर्टात आहे, आणि त्याचा वकील लाजपोर जेलमध्ये त्याला एकदाही भेटला नव्हता. तेव्हापासून आम्ही चौघं वाचू लागलो.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदनचा खटला घ्या. गुन्हा 2003 चा, आरोपी सहा, भटक्या जमातीतले. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. त्या तिघांना बाजू मांडायची पुरेशी संधीच मिळाली नव्हती. पुन्हा सुनावणी झाली आणि 2019 मध्ये सहाही जण निर्दोष सुटले. साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून भलतीच माणसं ओळखली होती, आणि तो कागद फायलीतच होता! भरपाई मिळाली प्रत्येकी 5 लाख. वर्षं गेली 16.

कैदेतल्या माणसाला 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. मात्र इथे ‘विधी सेवा प्राधिकरण’ शोधाल तर सापडणार नाही. पाटी ‘कानूनी सेवा सत्ता मंडळ’ अशी असते. आणि तक्रार निकालाआधी करा. नंतर ‘वकील वाईट होता’ एवढं सांगून भागत नाही, त्यामुळे नुकसान काय झालं ते दाखवावं लागतं.

त्या मुलाने जेलमधून अर्ज केला, पाठपुरावा आम्ही केला. वकील बदलून मिळाला. सुनावणी दिवाळीनंतर आहे. अहमदाबादला जायला गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.