चपलेचा पट्टा रुतायला लागला तर

बायका लुगड्याखाली झाकून ठेवतात अशा एका सुजेबद्दल आज बोलू या.

एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. बऱ्या झाल्या, पुन्हा खुरपायला जाऊ लागल्या. मग संध्याकाळी डाव्या चपलेचा पट्टा रुतायला लागला, जोडवी घट्ट झाली. घरात कुणी म्हणालं, हत्तीपाय झाला, पोरांना जवळ घेऊ नको. ताईंनी आठ महिने पाय कुणाला दाखवला नाही.

हे का होतं? पायाला काटा मोडला की जांघेत अवधाण येतं, ठाऊक आहे ना? तो गोळा म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. अशा ग्रंथी जांघेत, ओटीपोटात, काखेत असतात. अंगात पाझरलेलं पाणी बारीक नळ्यांतून या ग्रंथींत येतं, गाळलं जातं आणि परत रक्तात मिसळतं. कॅन्सरही याच वाटेनं पसरू शकतो. म्हणून सर्जन ओटीपोटातल्या, कधी जांघेतल्या ग्रंथी काढून तपासायला पाठवतात. ते गरजेचं असतं. पण चारी मध्येच बुजली की पाणी मागे तुंबतं, तसं काहींच्या पायात, मांडीत, ओटीपोटाखाली पाणी साचतं. रेडिएशन घेतलं असेल तर शक्यता वाढते. सूज काही महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनीही.

हत्तीपाय वेगळा. तो डासांमुळे अंगात शिरणाऱ्या जंतांनी होतो. ऑपरेशननंतरची ही सूज कुणाला लागत नाही. नातवंडांना खुशाल मांडीवर घ्या.

ही सूज मुळापासून जाईलच असं नाही, पण लवकर धरली तर आटोक्यात राहते. उशीर झाला की कातडी जाड आणि कडक होते. म्हणून ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांनी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, शिवणकामाच्या टेपनं दोन्ही पाय मोजावेत. घोट्याजवळ, पोटरीवर आणि मांडीवर. आकडे वहीत लिहावेत. फरक वाढत गेला तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना वही दाखवा. सूज दुसऱ्या कारणानंही येते, ते तेच तपासतील. मग मापाचे दाबाचे मोजे किंवा पट्ट्या, हलका व्यायाम आणि शिकलेल्या माणसाकडून हळुवार मालिश. मनानं मोजे आणू नका. जोरात रगडू नका, गरम विटेनं शेकू नका. लघवीच्या गोळ्या मनानं घेऊ नका, त्यानं ही सूज उतरत नाही.

साचलेल्या पाण्यात जंतू लवकर वाढतात, म्हणून कातडी जपा. शेतात अनवाणी जाऊ नका. चिखलात काम असेल तर गमबूट घाला. पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, साधं तेल किंवा मलम लावा. खरचटलं तर लगेच साबणानं धुवा. घट्ट जोडवी, पैंजण काढून ठेवा. काम सोडू नका, पण अधूनमधून बसा, पाय उशीवर ठेवा.

आता नीट ऐका. पाय लाल होऊन तापला आणि थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना. एकाएकी एक पाय सुजून पोटरी दुखू लागली, तरीही त्याच दिवशी. रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं, तर एक घटकाही थांबू नका, १०८ ला फोन करा.

त्या ताई आता मोजे घालून खुरपायला जातात. पाय पूर्वीसारखा झाला नाही, पण वाढायचा थांबला. मोज्यांसाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं. त्या दिवशी बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर पाय दाखवला, तेव्हा मागून आणखी एक जण हळूच म्हणाली, "माझाही असाच आहे." तुमच्याही गटात अशी एखादी असेल. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: चप्पल कुणाला घट्ट होतेय का?