गच्चीपासून मेडिकलपर्यंत

संक्रांतीच्या आठवड्यात नागपूरचे आकाश पतंगांचे असते आणि गच्च्या पोरांच्या. चक्री एकाच्या हातात, दुसऱ्याची नजर कटलेल्या पतंगावर. ‘ओ काट’ची आरोळी उठते आणि मागे सरकणारा पाय गच्चीच्या बाहेर पडतो. नायलॉन मांजाची चर्चा दरवर्षी होते, व्हायलाच हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो प्रश्न स्वतःहून हाती घेतला. बिनकठड्याच्या गच्चीची दखल मात्र कुणी घेत नाही.

पडलेल्या पोराभोवती घोळका जमतो. कुणी तोंडात पाणी ओततो, कुणी नाकाला कांदा लावतो, कुणी गालावर चापट्या मारतो. मग एकजण त्याला उचलून खांद्यावर टाकतो आणि ऑटोवाल्याला म्हणतो, ‘मेडिकलला चल!’, म्हणजे सरकारी इस्पितळात. सगळे मायेपोटीच. पण बेशुद्ध पोराच्या तोंडात ओतलेले पाणी फुप्फुसात उतरते आणि खांद्यावर मान लोंबकळते. या सभागृहातल्या अनेकांनी असे दृश्य पाहिले असेल; काहींनी तो ऑटोही थांबवला असेल.

डोके आपटताना मेंदूला बसलेला मार कोणताही सर्जन परत घेऊ शकत नाही. दुसरा मार बसतो तो वाटेत, प्राणवायू कमी पडून आणि रक्तदाब उतरून. तो मात्र टाळता येतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्याने रुग्णवाहिकांवरच्या माणसांना शिकवताना तीन गोष्टींवर भर दिला: प्राणवायू घसरू देऊ नका, रक्तदाब घसरू देऊ नका आणि श्वास देणारी अँबू बॅग भराभर दाबू नका. घाईने दाबली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच उपाशी असलेला मेंदू आणखी उपाशी राहतो. २०१९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा गंभीर जखमींच्या गटात जगण्याची शक्यता दुपटीने वाढलेली दिसली.

त्याआधी, २००० साली, लॉस एंजेलिस परिसरातल्या ८३० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वाटेतच घशात नळी घातलेली मुले आणि मास्क लावून बॅगने श्वास दिलेली मुले, यांच्या जगण्यात फरक पडला नाही. साधे काम नीट केले तर ते भारी कामाच्या बरोबरीला येते!

मुलांच्या शरीराची घडणही वेगळी. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, म्हणून मूल पडते ते बहुधा डोक्यावर. सपाट फळीवर उताणे निजवले की मागे फुगीर असलेले डोके मान पुढे ढकलते आणि श्वासाची वाट अरुंद होते. लहान मुलाच्या खांद्यांखाली टॉवेलची घडी सरकवली की मान सरळ येते. उलटी झाली तर डोके, मान आणि धड एका रेषेत धरून सगळे अंग कुशीवर वळवायचे. वाहती जखम स्वच्छ कापडाने दाबायची. कानातून पाणी किंवा रक्त येत असेल तर तिथे बोळा कोंबायचा नाही.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि या गाड्यांत डॉक्टर असतो. तरीही ‘पोलिसांचं लचांड नको’ म्हणून फोन न करणारे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात वाहन अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम आले, ही बातमी पानठेल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

सगळ्यात फसवे पोर ते, जे लगेच उठून बसते. ‘मुका मार आहे’ म्हणून घरी निजवतात. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर काही वेळ पोर ठणठणीत दिसते, मग ओकाऱ्या, झापड, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी. प्रत्येक टेंगळाला सीटी स्कॅन लागत नाही. उत्तर अमेरिकेत बेचाळीस हजारांवर मुले तपासून २००९ मध्ये ठरवलेल्या निकषांत दोन वर्षांखालच्या बाळाचे तीन फुटांवरून, मोठ्या मुलाचे पाच फुटांवरून पडणे गंभीर धरले आहे. दिवाणावरून पडणे एक वेळ सोडा, नागपूरची कुठलीही गच्ची या मापात बसते.

शुद्ध मोजायची ग्लासगो मोजपट्टी टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये बनवली. तीत बोलण्याला गुण आहेत. न बोलणाऱ्या बाळासाठी पुढे रडण्याला गुण दिले गेले. सहज शांत होणारे रडणे वेगळे, चिडचिडे वेगळे, नुसते कण्हणे त्याहून वाईट. ‘याचं रडणं रोजच्यासारखं नाही’ हे आईचे किंवा आजीचे वाक्य डॉक्टरने लिहून घ्यावे असे असते. म्हणून १०८ च्या गाडीत एकालाच जागा असेल, तर बाळाला रोज निजवणारे माणूस बसवावे.