हिरा आणि त्याचे कोंदण



मोहर्लीच्या पूर्वेकडे, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड हे एकेकाळी हिऱ्यांच्या खाणीसाठी प्रसिद्ध होते. ‘ऐन-ए-अकबरी’तही त्या खाणीचा उल्लेख आढळतो. ती खाण केव्हाच बंद पडली. आजीच्या कुडीतील हिरा नातीच्या अंगठीत बसविण्याची हौस मात्र टिकून आहे.

हिऱ्याइतका कठीण खनिज पदार्थ दुसरा नाही. तरीही विशिष्ट दिशेने घाव बसल्यास तो दुभंगतो. म्हणून जाणता कारागीर प्रथम भिंगातून त्याच्या कडा व तडे पाहतो आणि मग त्याच्या मापाचे कोंदण हाताने घडवितो. शुद्ध सोने मऊ असल्याने त्यासाठी बहुधा १८ कॅरटचे, म्हणजे ७५ टक्के शुद्धतेचे सोने वापरतात.

हिरा स्वाधीन करण्यापूर्वी त्याचे माप, दोष आणि वजन पावतीवर लिहून घ्यावे. हिऱ्याच्या वजनाचा एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. अंगठी घेताना ती नोंद ताडून पाहावी. यात अविश्वास मुळीच नाही. अशी नोंद आजीच्या ठेव्याचे रक्षण करते आणि प्रामाणिक कारागिराच्या अब्रूचेही.